घाटात ब्रेक दमतो, तेव्हा नक्की दमतं कोण?

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक सहा वर्षांची आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम. रविवारी पहाटे लोणावळा गाठायचं, जुन्या हायवेने घाट उतरायचा, खोपोलीत चहा घ्यायचा असा शिरस्ता आहे. गाडी जरा दामटतो, हे कबूल. गेल्या वेळी निम्म्या घाटात जळका वास आला आणि पेडल नेहमीपेक्षा बरंच खाली गेलं. मित्र म्हणतात, भोकांची डिस्क आणि रेसिंगचे पॅड टाक. टाकू का?
– एक वाचक, मोशी

उत्तर : डिस्कला सध्या हात लावू नका. आधी ब्रेक ऑइल बदला. या सगळ्यात स्वस्त तेच आहे.

‘पेडल खाली गेलं’ हे तुम्ही लिहिलंत, ते बरं केलंत. पॅड तापून दगा देतात तेव्हा पेडल घट्टच राहतं; पाय अडतो, पण गाडी अडत नाही. पेडल मऊ पडून खाली गेलं, तर संशय ऑइलवर घ्यायचा. कॅलिपरमधलं ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि आपला पाय नुसते बुडबुडे चेपत बसतो. हे ऑइल हवेतला ओलावा पितं, आणि मावळातला पावसाळा त्याला काही कमी पडू देत नाही. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. तीन-साडेतीन टक्के पाणी मुरलं की हाच आकडा १५५ च्या आसपास येतो. सहा वर्षांत तुमचं ऑइल ‘टॉप-अप’ झालं असेल. मी बदलण्याबद्दल विचारतोय. दर दोन वर्षांनी जुनं सगळं काढून नवं भरायचं आणि चारही चाकांची एअर काढून घ्यायची. डॉट ५ मात्र घेऊ नका. ते सिलिकॉनचं असतं, यात मिसळत नाही.

आता उष्णतेचा हिशेब बघा. माणसांसकट अकराशे किलोची गाडी ताशी १०० वरून थांबवली, तर जवळजवळ दीड लिटर पाण्याला उकळी फुटेल इतकी उष्णता होते. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी पाचशे मीटरहून जास्त खाली येते. ती सगळी ऊर्जा ब्रेकने खायची म्हटलं, तर शंभरवरून बारा-तेरा वेळा थांबल्यासारखं आहे, तेही मध्ये गार व्हायला फुरसत न देता. म्हणून ट्रकवाल्यांचा जुना नियम : ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेले ट्रक बोरघाटात काय करतात, ते आपण पेपरात वाचतोच.

रेसिंगचे पॅड मी एकदा टाकले होते. ते तापल्यावर चावतात. डिसेंबरच्या पहाटे निगडीच्या पहिल्याच सिग्नलला गाडी झेब्रा ओलांडून पुढे गेली, आणि ड्यूटीवर निघालेल्या एका सायकलवाल्याने माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली. तुम्हाला आठवडाभर चाकणच्या ट्रॅफिकमध्ये गार ब्रेकवरच चालवायचंय. तेव्हा चांगल्या कंपनीचे रस्त्यावरचे पॅड घ्या आणि दुकानातच पाठीमागच्या पत्र्यावर किंवा कडेला छापलेली दोन अक्षरं शोधा. पहिलं गार असतानाच्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. ई, एफ, जी असा चढता क्रम. एफएफ किंवा जीजी म्हणजे तापल्यावरही पकड टिकते. एफई असेल तर घाटात ती उतरणार. ही अक्षरं टिकाऊपणाबद्दल काही सांगत नाहीत, पण ‘साहेब, एकदम हेवी माल आहे’ यापेक्षा बरंच सांगतात.

भोकांच्या डिस्कचा मोह मला कळतो. अलॉयमधून झकास दिसते. पण उष्णता साठवतं ते डिस्कचं लोखंड, आणि भोक म्हणजे तेवढं लोखंड कमी. वारंवार तापून-निवून तडे जातात तेही भोकांच्या कडेपासून. मोटरसायकलची डिस्क उघड्या वाऱ्यात असते आणि बहुधा स्टेनलेस स्टीलची असते, तिचा दाखला इथे लागू नाही. गंमत म्हणजे ज्या ब्रेंबो या ब्रेक कंपनीच्या नावाने पोरं जीव टाकतात, तिचा कारखाना तुमच्या मोशीहून नाशिक हायवेने पुढे चाकणलाच आहे. चाकणच्या ड्यूक मोटरसायकलवर ‘बायब्रे’ लिहिलेला कॅलिपर दिसतो ना, तो ‘बाय ब्रेंबो’चा संक्षेप.

तुमची साधी डिस्क मात्र मोजून घ्या. किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते; त्याखाली गेली असेल तर लेथवर कट मारून घेण्यात अर्थ नाही, जोडीने बदला.

नवे पॅड टाकल्यावर मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे आरशात बघून, साठवरून दहापर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक मारा. पूर्ण थांबू नका, मध्ये थोडं अंतर जाऊ द्या. मग ब्रेक न लावता चार-पाच किलोमीटर गाडी फिरवून गार करा. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून सिग्नलला उभे राहिलात, तर पॅडचा थर तिथेच चिकटतो आणि पुढच्या रविवारी स्टिअरिंग थरथरतंय म्हणून तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल.