प्रभुभोजन : एकमेकांसाठी थांबणे
(पाठ : १ करिंथ. ११:१७–३४)

बॅप्टिस्ट मंडळ्यांत प्रभुभोजन हा ख्रिस्ताने लावून दिलेला विधी होय. भाकर व द्राक्षरस ही त्याच्या मरणाची स्मारकचिन्हे आहेत. ती पालटून मांस व रक्त होत नाहीत. बाप्तिस्मा घेतलेल्या विश्वासणाऱ्यांनी मंडळी या नात्याने ती एकत्र घ्यावयाची असतात. करिंथ येथे काही जण आधीच जेवून तृप्त होत व गरीब उपाशी राहत. म्हणून पौलाने एकमेकांसाठी थांबण्याची आज्ञा केली (वचन ३३).

आता ज्या बंधूची कागल पंचतारांकित एमआयडीसीतील कारखान्यात रविवारी सकाळची पाळी असेल, त्याच्यावाचून आपण मेज मांडावे काय? पहिले भोजन तर रात्रीच झाले. यास्तव उपदेशकाने आधी पाळ्या विचाराव्या, मग वेळ नेमावी.