मुलांना वाहून नेणारी सायकल

मोटारीवाचून कुटुंबाचा संसार चालेल काय, या प्रश्नाला डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन हिने एक व्यवहार्य उत्तर दिले आहे. १९७१ साली वसलेल्या तेथील क्रिस्तियानिया या वस्तीत मोटारींना मज्जाव आहे. मग मुले आणि वाणसामान न्यायचे कसे? १९८४ मध्ये लार्स एंगस्ट्रोम या लोहाराने आपल्या सहचारिणीसाठी पुढे पेटी असलेली तीनचाकी सायकल घडविली. हीच पुढे ‘क्रिस्तियानिया सायकल’ म्हणून प्रसिद्धीस आली.

तिची रचना साधी आहे. पुढील दोन चाकांच्या मधोमध पेटी असते. तीतून सुमारे १०० किलोग्रॅम भार नेता येतो. पेटी सखल असल्याने गुरुत्वमध्य खाली राहतो, आणि सायकल थांबली असता तोल सावरावा लागत नाही. मुले पुढे बसत असल्याने ती सतत चालकाच्या नजरेसमोर असतात. मात्र दुचाकीप्रमाणे हे वाहन वळणाकडे झुकत नाही. म्हणून वेगात वळविल्यास ते कलंडण्याचा संभव असतो. वळणापूर्वी वेग कमी करणे अगत्याचे आहे.

तथापि एकट्या वाहनाने हे साधले नाही. कोपनहेगनची भूमी बहुतांशी सपाट आहे, आणि तेथील अनेक मोठ्या रस्त्यांच्या कडेने उंचवट्याने अलग केलेले सायकलमार्ग आहेत. जेथे असा मार्ग नसेल, तेथे आईबाप आपले मूल या पेटीत बसविण्यास सहसा धजणार नाहीत. वाहन एखादा लोहार घडवू शकतो. मार्ग मात्र नगरपालिकेलाच बांधावा लागतो.