सामना आहे डॉक्टर, एक इंजेक्शन द्या!

गेल्या महिन्यात एक गृहस्थ आपल्या सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा उंच, सडसडीत, वेगवान गोलंदाजी करणारा. दोन महिन्यांपासून कंबर दुखत होती. मी प्रश्न मुलाला विचारावा आणि उत्तर वडिलांनी द्यावे, असे चालले होते. "काही नाही डॉक्टरसाहेब, जरा लचक भरलीय. आठवड्यावर निवड चाचणी आलीय. एक इंजेक्शन देऊन टाका."

वडिलांना बाहेर बसवून मुलाशी बोललो. तेव्हा कळले, की मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी तो रोज सरावाआधी घेत होता. घरी सांगितले का नाही, असे विचारल्यावर म्हणाला, "सगळे म्हणतात, तालुक्यात तुझ्यासारखा बॉलर नाही. मग दुखतंय असं कसं सांगू?"

फाजील आत्मविश्वास म्हटला की कॉलर ताठ करून फिरणारा, पंचांशी हुज्जत घालणारा पोरगा आपल्या डोळ्यांपुढे येतो. दवाखान्यात येणारा फाजील आत्मविश्वास बहुधा मुकाट असतो. 'मला काही होत नाही' एवढेच तो म्हणतो. आणि पुष्कळदा तो मुलाचा स्वतःचा नसतोच. भोवतालच्यांनी कौतुक करकरून त्याच्या डोक्यावर ठेवलेला असतो.

मुलाला एका पायावर उभे करून मागे वाकायला सांगितले. कमरेच्या डाव्या बाजूला कळ गेली. उजव्या हाताने टाकणाऱ्या वेगवान गोलंदाजाला डावीकडे अशी कळ आली, की डॉक्टरने सावध व्हावे. मणक्याच्या मागच्या कमानीत हाडाचा एक अरुंद पूल असतो. चेंडू टाकताना पाठ एकाच वेळी मागे वाकते, बाजूला झुकते आणि पिळली जाते. त्यात पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट भार पडतो. तार पुन्हापुन्हा एकाच जागी वाकवली की तुटते, तशी या पुलाला चीर पडते. वाढत्या वयात हाड अजून पक्के झालेले नसते, म्हणून हा धोका पोरवयात जास्त. सुरुवातीला एक्स-रेत काही दिसत नाही, आणि 'रिपोर्ट नॉर्मल आला' म्हणून पोरगे पुन्हा मैदानात. या मुलाचा एमआरआय केला. चीर होती. वेळेवर विश्रांती मिळाली तर अशी चीर बहुधा भरून येते. पण त्यासाठी गोलंदाजी काही महिने बंद ठेवावी लागते. गोळी घेऊन दुखणे दाबले म्हणजे चीर भरत नाही, फक्त ती आहे हे सांगणारा गप्प होतो.

इंजेक्शन मी दिले नाही. त्याचे कारण वीस-बावीस वर्षांपूर्वीचे आहे. यात्रेतल्या कबड्डीचा अंतिम सामना होता. गुडघा मुरगळलेला एक चढाईपटू मित्रांना घेऊन माझ्याकडे आला. "संध्याकाळपुरतं बघा डॉक्टर." मी इंजेक्शन दिले, क्रेप बँडेज बांधले, वर पाठीवर थाप मारली. रात्री त्याच पोराला चौघांनी उचलून आणले. गुडघा तासाभरात नारळाएवढा सुजला होता. आतला मुख्य स्नायुबंध तुटला होता. तो पुन्हा खेळला नाही. त्या दिवशी फाजील आत्मविश्वास त्याला होता तसा मलाही होता.

असो. गोलंदाज मुलाचे वडील एमआरआय पाहून खट्टू झाले. म्हणाले, "याला आपल्या अजिंक्यसारखं व्हायचं होतं हो." साहजिकच आहे. अजिंक्य रहाणे यांचा जन्म १९८८ चा, आपल्याच तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. पुढे ते वाढले डोंबिवलीत. मी म्हटले, अजिंक्यचे नाव काढलेत ते बरे झाले. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला. कर्णधार कोहली मायदेशी परतले आणि संघ रहाणेंच्या हाती आला. मेलबर्नला त्यांनी ११२ धावा केल्या, आणि जडेजाबरोबर चोरटी धाव घेताना ते धावचीत झाले. शतकवीर असा बाद झाला की बॅट आपटतो. यांनी जाता जाता जडेजालाच धीर दिला. मालिका २-१ अशी जिंकून जानेवारी २०२१ मध्ये मुंबईला परतल्यावर शेजाऱ्यांनी कांगारूचा केक आणला होता. तो कापायला त्यांनी नकार दिला, प्रतिस्पर्ध्याचा मान राखायचा म्हणून. वडिलांना हे सारे ठाऊक होते. फक्त त्याचा कंबरदुखीशी संबंध त्यांनी लावला नव्हता. जो खेळाडू समोरच्याला कमी लेखत नाही, तो स्वतःच्या दुखण्यालाही कमी लेखत नाही, असे आपले माझे मत आहे.

दुसरे उदाहरण पृथ्वी शॉचे. २०१३ मध्ये शालेय सामन्यात ५४६ धावा, २०१८ मध्ये अठराव्या वर्षी पहिल्याच कसोटीत शतक. २०१९ मध्ये त्याच्यावर आठ महिन्यांची बंदी आली. कारण खोकल्याचे औषध! त्यात टरब्युटालीन होते. दम्यावर आणि खोकल्यावर देतात ते हे औषध, पण खेळाडूंना मनाई असलेल्या यादीत आहे. त्याने ते अजाणता घेतले हे क्रिकेट मंडळानेही मान्य केले, तरी बंदी टळली नाही. याला कोणी गर्व म्हणणार नाही. 'एवढ्याशा खोकल्याला डॉक्टरला काय विचारायचे', इतकेच. पण आपल्या गावात दररोज किती बाटल्या अशा न विचारता जातात, ते मला माहीत आहे.

पालकांनी मुलाला 'किती रन काढले' याच्या आधी 'कुठे दुखतंय का' हे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. आठवड्यातून एक दिवस खेळाला पूर्ण सुट्टी हवी. वर्षभर एकच खेळ चालू असेल तर मधूनमधून महिनाभराची सुट्टी, सगळी मिळून तीनेक महिने, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, सुजलेला सांधा, लंगडणे, दोन आठवड्यांनंतरही न गेलेली कंबरदुखी घरी ठेवू नये. डोक्याला मार लागून भोवळ, उलटी किंवा विसराळूपणा दिसला तर त्या दिवशी पुन्हा खेळवायचे नाहीच, मग अंतिम सामना का असेना. लगेच डॉक्टर गाठावा.

निवड चाचणी हुकली. मुलगा परवा तपासणीला आला होता, या खेपेला एकटाच. पोटाचे आणि पाठीचे व्यायाम नियमित करतो आहे. मागे वाकल्यावर अजून थोडी कळ येते, असे न विचारता त्यानेच सांगितले. चेंडू हातात घ्यायला अजून दोन महिने आहेत.