वखारीची दुरुस्ती : मालकाची जबाबदारी
निपाणी परिसरातील तंबाखूच्या वखारीत पावसाचे पाणी ठिबकू लागले की साठविलेला माल धोक्यात येतो आणि दुरुस्ती कोणी करावी, हा वाद उद्भवतो. या बाबतीत १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम १०८ मार्गदर्शक आहे. करार वा स्थानिक रूढी नसल्यास, केवळ भाडे घेतल्यामुळे मालकावर दुरुस्तीचे सर्वसाधारण बंधन येत नाही. भाडेकरूने मात्र स्वाभाविक झीज वगळता जागा सुस्थितीत राखावयाची असते. मालक करारान्वये बांधील असूनही नोटिशीनंतर वाजवी मुदतीत त्याने दुरुस्ती न केल्यास, भाडेकरूस ती स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करता येतो. यास्तव भिंती व छपराची जबाबदारी कोणाची आणि मृगापूर्वी कौले कोणी चाळावयाची, हे करारपत्रात स्पष्ट नमूद करणे उभयतांच्या हिताचे होय.