वाफसा बघून पाऊल टाका

भाचरांनो, यंदा सगळ्यांनी मिळून उन्हाळी भाजीपाला करायचं ठरवलंत, हे ऐकून फार बरं वाटलं. सावेडीची शिवारं बघता बघता कॉलन्यांखाली गेली. भिस्तबागेच्या पलीकडं, वडगाव गुप्ताच्या अंगाला जे तुकडे उरलेत त्यांत तुमच्यासारखी पोरंपोरी उतरणार असतील, तर या आत्याला आणखी काय हवं? शिकवणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील, मोबाईलवर तर रोज एक नवा गुरू. मी सांगते ते बारीकसारीक आहे. गारपीट आणि भाव आपल्या हातात नाहीत. बाकीचं नुकसान बहुतेक वेळा पाणी न मोजल्यानं आणि रोज वाफ्यात न वाकल्यानं होतं. तेवढं सांभाळलंत तर तुम्ही टिकाल.

१. बियाण्याच्या दुकानात जायच्या आधी विहिरीवर जा. दोराला दगड बांधून पाणी किती हात आहे ते मोजा आणि तारखेसकट भिंतीवर लिहा — माघातली विहीर वैशाखात तेवढीच राहील, असं कुणी लिहून दिलेलं नाही.

२. मोटार किती वेळ चालते आणि बंद केल्यावर विहीर किती वेळात पुन्हा भरते, हे दोन-तीनदा बघा — साठलेलं पाणी डोळ्यांना दिसतं, पण उन्हाळा निघतो तो झऱ्यावर.

३. त्या हिशेबात जेवढं रान भिजेल, त्याच्या पाऊणपटच पेरा — राहिलेलं पाव पाणी उन्हाचं देणं असतं, ते ऊन वसूल करतंच. पाणी उपसणारा राबतो, पाणी मोजणारा पिकवतो.

हे पाण्याचं मी एवढं का लावून धरते, ते सांगते. आपला तालुका पर्जन्यछायेतला. सह्याद्रीनं आपल्यासाठी ठेवलेला पाऊस वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही कधी रुसलेला. निजामशाहीत ही भिस्तबाग फुलली, ती शेजारच्या गावांकडून नळानं पाणी आणल्यावर. आधी पाणी आलं, मग झाडं आली. आणि आजचं बघायचं तर हिवरे बाजार काही लांब नाही. एका रविवारी गाड्यांवर जाऊन या. पोपटराव पवार १९८९ मध्ये तिथं सरपंच झाले. गावानं चर खणले, झाडं लावली, ते तर सगळेच बघायला जातात. तुम्ही पाण्याचा ताळेबंद बघा. पाऊस किती पडला ते मोजायचं, माणसांना-जनावरांना किती लागेल ते काढायचं आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिकं बसतात ते ग्रामसभेत ठरवायचं. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही आणि ऊस-केळी लावायची नाही, हेही गावानंच ठरवलं. एका गावाला जे जमलं ते तुम्हा पाच-सहा जणांना का जमू नये?

४. वेळ चुकवू नका: माघात पेरा, फाल्गुनात राखा, चैत्रात तोडा. शिमगा होऊन गेला असेल तर भेंडी, गवार, चवळीवरच भागवा — उशिरा लावलेली काकडी-दोडक्याची वेल ऐन उन्हात फुलावर येते, आणि कडक उन्हात नर फुलंच जास्त लागतात.

५. पेरणीआधी शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि किती उगवल्या ते मोजा — सत्तरच उगवल्या तर बी वाढवायचं की बदलायचं, हे रान पडीक दिसायच्या आधी कळतं.

६. पिशवी, तिला शिवलेली खूणचिठ्ठी आणि पक्की पावती शेवटच्या तोड्यापर्यंत जपून ठेवा. थोडंसं बीही पिशवीत राहू द्या — बी भेसळीचं निघालं तर तक्रारीला लॉट नंबर लागतो, नुसता राग चालत नाही.

७. भेंडीचं बी रात्रभर पाण्यात भिजवा, पण औषध लावलेलं रंगीत बी मुळीच भिजवू नका — साध्या बियाची कठीण साल मऊ पडते, रंगीत बियाचं औषध मात्र धुऊन जातं.

८. कोथिंबिरीला धना चपलेनं हलकाच रगडून दोन फाका करा, आणि पेरा कारल्याच्या मांडवाखाली — एका धन्यात दोन बिया असतात आणि चैत्रातलं ऊन कोथिंबिरीला सोसत नाही.

बियाण्याचं आणखी एक. मनमाड रस्त्यानं तासाभरात राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ लागतं. १९६८ पासून ते आपल्या शेजारी आहे आणि आपल्याच हवामानात वाण तपासतं. काकडीची हिमांगी आणि फुले शुभांगी, कारल्याची हिरकणी आणि फुले ग्रीन गोल्ड ही तिथली नावं. आधी ही लावून बघा, मग लांबची रंगीत चित्रं असलेली पाकिटं. दुसरीकडं अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. त्यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, तिच्यासाठी २०२० चा पद्मश्री मिळाला. तुमच्या वयाच्या पोरांना मी सांगते की दोन्ही दारं ठोठावा, एकानं दुसरं बंद होत नाही.

९. गावरान दुधी-दोडक्याचं बी धरायचं तर सगळ्यांत निरोगी वेलीचं, सुरुवातीचं चांगलं फळ दोरा बांधून राखून ठेवा — शेवटी उरलेल्या वेड्यावाकड्या फळाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी तेच पदरात पडतं.

१०. संकरित वाणाचं बी मात्र धरू नका — पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत, आणि बाजारात सरमिसळ माल मागं पडतो.

११. मातीचा नमुना शेणखत टाकायच्या आधी घ्या. बांध, झाडाची सावली आणि उकिरड्याची जागा सोडून आठ-दहा ठिकाणांहून वीतभर खोलीची माती घ्या, एकत्र कालवा आणि तिच्यातली अर्धा किलो पाठवा — एकाच कोपऱ्याची माती सगळ्या रानाबद्दल खोटं सांगते. गावात कृषी महाविद्यालयाचे कृषिदूत नि कृषिकन्या राहायला आले असतील, तर त्यांना चहाला बोलवा आणि हे काम बरोबर घेऊन करा.

१२. शेणखत हातात घेऊन वास घ्या. शेणाचा वास आला तर थांबा, मातीचा आला तर टाका — कच्च्या खतातून मुळं खाणारी हुमणी आणि तणाचं बी फुकट घरात येतं.

आता वाफसा, म्हणजे मातीतली नेमकी ओल. पाळीच्या तारखेवर जाऊ नका, शेजाऱ्याची मोटार चालू झाली म्हणूनही जाऊ नका. मुळाजवळची चार बोटं माती वरून बाजूला सारा, खालची मूठभर घ्या आणि दाबा. लाडूच वळला नाही तर पाणी द्यायला हवं. लाडू वळला आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडल्यावर फुटला, तर वाफसा आहे. खुरपा, खत द्या, पण पाणी नको. पडूनही तसाच राहिला तर त्या वाफ्यात पायसुद्धा घालू नका, काळी जमीन तुडवली की दबते आणि मुळं गुदमरतात. आपल्याकडची बहुतेक पोरं झाडाला तहानेनं मारत नाहीत, मायेनं बुडवून मारतात. तुम्हीही मायाळूच आहात, म्हणून आधीच सांगून ठेवते.

१३. पाणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर द्या — दुपारचं बरंच पाणी आभाळाला जातं, झाडाला नाही.

१४. ठिबकच्या नळ्यांची टोकं आठवड्यातून एकदा उघडून पाणी वाहू द्या, आणि गाळणीची जाळी धुवा — बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार तोट्यांत बसतो, आणि शेवटच्या सरीतली झाडं गुपचूप उपाशी राहतात.

१५. वाफ्यावर पाचट नाहीतर गव्हाचं काड अंथरा, पेटवू तर मुळीच नका — ओल टिकते, तण दबतं आणि पुढच्या वर्षीचं खत जागेवरच तयार होतं.

१६. भेंडीच्या चारी बाजूंनी मक्याच्या दोन ओळी लावा — झळ अडते आणि पांढरी माशी बाहेरच थबकते.

१७. शिरा पिवळ्या पडलेलं भेंडीचं झाड दिसलं की त्याच दिवशी उपटून पुरून टाका, एका झाडाची दया करू नका — तो रोग औषधानं बरा होत नाही, आणि पांढरी माशी तो शेजारच्या झाडाला नेऊन देते.

१८. भेंडी एक दिवसाआड तोडा, लग्नाला जायचं असलं तरी — जून झालेली एक भेंडी झाडाला सांगते की आता बी धरायची वेळ झाली, आणि नवी फुलं कमी येतात.

१९. सकाळी वाफ्यात फिरताना पानं उलटून बघा आणि फोन खिशात राहू द्या — रोग पानाच्या पाठीवर राहायला येतो. बांधावरून पीक दिसतं, वाकल्यावर दुखणं दिसतं.

२०. फवारणीआधी डब्यावरचा त्रिकोण बघा: लाल सगळ्यांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. फवारल्यावर किती दिवस तोडायचं नाही तेही तिथंच लिहिलेलं असतं — तुमची भेंडी पाइपलाइन रोडवरच्या कुणाच्या तरी लेकराच्या डब्यात जाणार आहे.

२१. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा आणि त्याला लाल फडकं बांधा — पंप कितीही धुतला तरी राहिलेला थेंब वेलींची पानं वाकडी करतो.

मधमाश्यांसाठी दोन ओळी जास्त लिहिते, कारण हे फार जणांच्या लक्षात येत नाही. काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात, दोडका नि दुधीची संध्याकाळकडं. म्हणजे सकाळची फवारणी काकडीचं नुकसान करते आणि सांजेची दुधीचं. दोन्ही एका रानात असतील तर कोणत्या वेली फुलावर आहेत ते बघून वेळ ठरवा, आणि जमेल तिथं फवारणी टाळाच. फळमाशीसाठी क्यूल्युरचे सापळे वेलींच्या उंचीवर टांगा, डंख झालेली फळं रोज वेचून खोल पुरा. बांधावर झेंडू, तुळस, बडीशेप असू द्या. छोटी फळं पिवळी पडून गळायला लागली की लगेच खताची गोणी फोडू नका. आधी सकाळी अर्धा तास वेलीपाशी उभे राहा आणि फुलावर मधमाश्या येतात का ते बघा. येत नसतील तर त्या फुलाला खत काय करणार?

२२. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी गावरान कांदा आहे त्यांनी माना पडायला लागल्या की पाणी तोडा, आणि शेवटच्या महिन्यात युरिया देऊ नका — जाड मानेचा कांदा चाळीत आधी सडतो आणि शेजारच्यालाही नासवतो.

२३. काढलेला कांदा पातीसकट ओळीनं असा पसरा की एका ओळीची पात दुसरीचे कांदे झाकेल. चार दिवसांनी बोटभर मान ठेवून कापा आणि पुढं सावलीत सुकवा — राहुरीचा एन-२-४-१ पाच-सहा महिने टिकतो तो नीट सुकवला तरच.

२४. नेप्तीच्या बाजारात नेण्याआधी गोल्टी, मध्यम आणि मोठा वेगळा करा — मिसळलेल्या ढिगाचा भाव त्यातला सगळ्यांत लहान कांदा ठरवतो.

२५. विक्रीची पट्टी हातात आली की घरी जाऊन नाही, तिथंच वाचा: वजन, हमाली, तोलाई. आडत कापलेली दिसली तर नम्रपणे पण ठामपणे विचारा — भाजीपाला आणि कांद्याची आडत खरेदीदाराकडून वसूल करायची, असं राज्यानं २०१६ मध्येच ठरवलंय.

२६. भागीदारीची वही पहिल्या दिवसापासून ठेवा, त्यात कष्टाचे तासही लिहा आणि पोरींचं नाव पोरांच्या बरोबरीनं लिहा — पैशावरून दोस्ती तुटत नाही, न लिहिलेल्या पैशावरून तुटते. आणि वही एकाकडं, पैसे दुसऱ्याकडं.

२७. रात्रीच्या विजेवर पाणी धरायला एकट्यानं जाऊ नका. विजेरी, काठी आणि पायांत रबरी बूट हवेतच, बोलत-गात जा — आपल्या जिल्ह्यात उसातून बिबटे फिरतात, आणि वाकलेला माणूस त्यांना माणूस वाटत नाही. स्टार्टरला ओल्या हातानं शिवाल तर माझ्याशी गाठ आहे.

२८. चैत्र-वैशाखात ताडपत्री घरी नाही, रानात ठेवा — वळीव विचारून येत नाही आणि तोडलेला माल झाकायला दहा मिनिटंच मिळतात.

२९. पीक निघालं की रान नांगरून उन्हात तापू द्या, आणि मागं बगळे आले तर हाकलू नका — ढेकळांखालचे कोष आणि अळ्या ऊन मारतं, राहिलेलं बगळे वेचतात.

३०. पहिला दमदार वळीव झाला की त्याच संध्याकाळपासून चार-सहा दिवस कडुनिंब आणि बाभळीखाली जा. अंधार पडताना हुमणीचे तपकिरी भुंगेरे पाला खायला तिथं जमतात. खाली कापड अंथरून फांद्या हलवा, आणि पडतील ते रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका — मातीत अंडी घालायच्या आधी सापडले तर उसापासून भुईमुगापर्यंत सगळ्यांची मुळं वाचतात. मात्र हे एकट्याच्या रानात करून भागत नाही, भुंगेरा बांध मानत नाही. म्हणून वडगाव गुप्ता, नागापूर, पिंपळगाव माळवीकडच्या ओळखीच्या पोरांना आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे पाऊस पडला त्याच रात्री सगळे एकदम बाहेर पडाल.