निळे आकडे

एक फॅरडचा कॅपॅसिटर, साडेचार हजार रुपये, बसवणावळ वेगळी. डिकीत ते निळ्या आकड्यांचं नळकांडं चमकताना पाहून मी चार मित्रांना फोटो पाठवले होते, हे आधीच कबूल करून टाकतो.

तक्रार साधी होती. ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावलं की ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मिचमिचायचे. कात्रजच्या घाटात समोरच्या ट्रकवाल्याला वाटायचं, मी डिपर देतोय. नाना पेठेतल्या दुकानदाराने (नाव घेत नाही; इच्छा फार आहे) बॉनेटही न उघडता निदान केलं. "साहेब, अँपला करंट कमी पडतो. कॅप टाका, विषय संपला."

बसवून झाल्यावर त्याने गाणं लावून दाखवलं. आवाज पूर्ण, दिवे समोरच्या भिंतीवर स्थिर, निळा आकडा १४.२ वर ठाण मांडून. मी पैसे मोजले. संध्याकाळी स्वारगेटच्या सिग्नलला उभा होतो, तर पुढच्या गाडीच्या काचेवर माझे दिवे पुन्हा नाचायला लागले. मागे निळा आकडा १२ च्या खाली. आणि मला एकदम तो पोऱ्या आठवला. दुकानात तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला होता, मोबाईल बघत, आणि इंजिन नुसतं चालू नव्हतं, चांगलं घुमत होतं. त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर होता! इंजिन जोरात फिरलं की अल्टरनेटर भरपूर करंट देतो. सिग्नलला, एसी चालू असताना, हात आखडता घेतो. त्यात भर दुपारचं ऊन. भिंतीवरचा उजेड मुळात दिसत होता किती, की तो मंद झालेला कळावा?

दुसऱ्या दिवशी गेलो. "कॅपला सेट व्हायला महिना लागतो." महिन्याने गेलो. "आकडे दिसतायत ना? मग माल ओके आहे." पक्कं बिल मी घेतलं नव्हतं, कर वाचवायला. ती चूक माझी, पण तेवढीच माझी.

शेवटी आमच्या गल्लीतल्या बॅटरीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी मल्टीमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर टेकवली, लाल पिन गाडीच्या उघड्या पत्र्यावर. दोन्ही अर्थच, म्हणजे आकडा शून्याच्या आसपास हवा. ढोल वाजला आणि १.१ व्होल्ट. बॅटरीपासून बॉडीला जाणाऱ्या अर्थच्या केबलचा लग हिरव्या बुरशीने खाल्लेला होता. अँपचा आणि हेडलाइटचा, दोघांचाही परतीचा करंट त्याच वाटेने. नवी जाड केबल, पॉलिश पेपरने घासलेला पत्रा, मजुरीसकट चारशे रुपये. कॅपॅसिटर सोडवून पाहिला. दिवे हलले नाहीत.

मग घरी गणित मांडलं. एक फॅरडचा कॅपॅसिटर १४ व्होल्टवरून १२ वर उतरताना २६ ज्यूल देतो. अँप ४०० वॅट ओढत असेल, तर हा साठा सेकंदाच्या पंधराव्या भागात संपतो. आणि तो परत भरायचा कोणी? त्याच अल्टरनेटरने.

तर, अशी कुठलीही वस्तू घ्यायला गेलात तर रात्री जा. इंजिन आयडलवर, एसी चालू, ड्रायव्हरच्या सीटवर तुम्ही स्वतः. आणि "आता ही काढून ऐकवा" म्हणा; फरक कळला नाही तर उठा. दिवे मंद होत असतील तर आधी अर्थ तपासा, मग बॅटरी, मग अल्टरनेटर. अँपच्या खोक्यावरचे ३००० वॅट वाचू नका, फ्यूज बघा: ४० चा फ्यूज गुणिले १२ म्हणजे आत ४८० वॅट, बाहेर त्याहून कमीच. वायर ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम. बाकी घाई करू नका, चार ठिकाणी भाव विचारा, वगैरे, ते तुम्हाला माहीतच आहे. मलाही होतं.

कॅपॅसिटर काढताना काकांनी त्याला इंडिकेटरचा बल्ब जोडला, उरलेला चार्ज उतरवायला. बल्ब लख्ख पेटला, चार-पाच सेकंदांत पिवळा पडत गेला आणि विझला. "झालं," काका म्हणाले, "आता माळ्यावर टाका."