मोकळं टोक दिसलं म्हणून खोचू नका

पुसदकडच्या एका कार्यालयात झाडलोट करताना टेबलाखाली केबलचं मोकळं टोक सापडलं. निघालं असेल म्हणून कुणीतरी ते भिंतीतल्या रिकाम्या पोर्टात खोचलं. तो पोर्ट ज्या नेटवर्क स्विचला जातो, त्याच स्विचला दुसरं टोक आधीच होतं. बघता बघता सगळे संगणक अडकले, प्रिंटरही गप्प. मी पोहोचलो तेव्हा सगळ्यांचा संशय इंटरनेटवाल्यावर होता. आपल्याकडचा तो कायमचा आरोपी. पण स्विचचे दिवे एकजात, दम न घेता लुकलुकत होते. हा लूप, म्हणजे केबलचा बंद वेढा.

इथरनेटवरच्या संदेशाला मुदत नसते. सगळ्यांसाठी निघालेला एखादा संदेश वेढ्यात सापडला की फिरतच राहतो, दर फेरीला साऱ्या पोर्टांवर ओतला जातो. यावर 1985 मध्ये डीईसी कंपनीत रेडिया पर्लमन यांनी स्पॅनिंग ट्री ही पद्धत काढली. स्विच आपसात बोलून जादा वाट बंद ठेवतात आणि मुख्य वाट तुटली की तीच उघडतात. बाजारातल्या साध्या, स्वस्त स्विचमध्ये मात्र ही सोय बहुधा नसते. त्यांना ‘बॅकअप’ म्हणून दुसरी केबल जोडणं म्हणजे हाताने लूप करणं. सोय असलेला स्विच घेतलात तरी ती चालू आहे का, हे बसवणाऱ्याकडून बघून घ्या; काहींत ती बंदच येते.

जुन्या पद्धतीत दुसरी वाट उघडायला 30 ते 50 सेकंद लागतात. 2001 च्या रॅपिड प्रकारात बहुतेकदा काही सेकंदच. तेवढाही धीर नसतो. लोक स्विच बंद-चालू करतात आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते. लाइट जाऊन आल्यावरही तेच. संगणक आधी तयार होतो, पोर्ट अजून बंद असतो, मग विंडोज 169.254 ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतं. असा पत्ता दिसला तर मिनिटभर थांबून संगणकाला पत्ता नव्याने मागायला लावा; केबल काढून लावलीत तर पोर्टाची मोजणीही पहिल्यापासून सुरू होते. वारंवार होत असेल तर संगणकांच्या पोर्टांना ‘एज पोर्ट’ करून घ्या, म्हणजे ते वाट न पाहता लगेच उघडतील.

लूप शोधताना मुख्य स्विचवरून एकेक केबल काढा, दुसऱ्या स्विचकडे जाणारी आधी. जी काढल्यावर दिवे शांत होतील, तीच. केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी असेल तर हे काम चहा होईपर्यंत आटोपतं.

वीज पडून जळालेल्या पोर्टापुढे मात्र कुठलीच पद्धत चालत नाही. मृगाच्या विजांआधी दोन इमारतींमधली तांब्याची केबल काढून फायबर टाका.